पुस्तकातला क्यूआर कोड सर स्कॅन का करत नाहीत?

धाकट्या भावंडाचं बालभारतीचं पुस्तक उघडा. आत एक काळा-पांढरा चौकोन दिसेल, तो क्यूआर कोड. जुलैमध्ये शेलूबाजारला घरी गेलो होतो, तेव्हा शेजारच्या सरांना विचारलं, "सर, हा वर्गात वापरता का?"

सर हसले. "अरे, तास पस्तीस मिनिटांचा. रेंज शोधण्यात दहा मिनिटं गेली की पोरं हातची जातात. फळ्याला रेंज लागत नाही."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला वाटायचं, शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात. पण सर तर साधा हिशोब करत होते.

हाच हिशोब १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने मांडला. माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारताना दोन गोष्टी बघतो: याचा मला उपयोग आहे का? आणि हे वापरायला सोपं आहे का?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. म्हणजे ही कल्पना वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाचीच. नवं यंत्र आणण्याऐवजी त्यांनी हातातल्या पुस्तकालाच वाट जोडली.

मग अडतं कुठं? कोडमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. पान थोडं मळलं तरी कोड वाचता येतो, पण नेट नसेल तर त्या पत्त्यावर पोहोचता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत:

१. दीक्षा ॲपमध्ये व्हिडिओ आदल्या रात्रीच घरी डाउनलोड करून ठेवा. वर्गात नेट लागत नाही.

२. कॅमेरा कोड पकडत नसेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं ॲपमध्ये टाइप करा.

सरांना हे करून दाखवलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. "चाललं रे! पण मोबाईल एवढासा, मागच्या बाकावरच्यांना काहीच दिसलं नाही."

याचं उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नाही. त्यासाठी शाळेला मोठा पडदा आणि भरवशाची वीज लागते.

तेव्हा गावी गेलात की सरांना ॲप शिकवायची घाई करू नका. आधी विचारा, "सर, वर्गात नेमकं कुठं अडतं?"