जुन्या लेथचा बेड

लातूरच्या डाळमिलचा शाफ्ट झिजला किंवा नांदेडच्या ऊसपट्ट्यात ट्रॉलीची पिन तुटली, की काम आधी जवळच्या लेथवर जातं. ऐन हंगामात नव्या भागाची वाट बघत बसणं परवडत नाही. म्हणूनच एखादं जुनं लेथ भंगारच्या भावात मिळत असेल, तर ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. तिथली लेथ देशभर गेली. तो कारखाना बंद पडला, त्याचं बिडाचं ओतकाम मात्र आजही कामाचं आहे.

असं लेथ घेताना रंग बघू नये, बेड बघावा. छोटी कामं कायम चकजवळच होतात, त्यामुळे बेड तिथेच सर्वांत जास्त झिजतो. टेलस्टॉककडचा भाग जवळपास नव्यासारखा राहतो. चकजवळ सॅडलचे गिब घट्ट केले, की तेच सॅडल टेलस्टॉककडे नेताना अडकतं. विकणाऱ्यासमोर एवढी एक परीक्षा केली तरी निम्मं कळतं.

दुरुस्तीला खरा वेळ लागतो तो स्क्रेपिंगला. सपाट प्लेटला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, ती घासलेल्या पृष्ठभागावर फिरवायची. निळा डाग उमटेल तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा प्लेट फिरवायची. डाग सगळीकडे बारीक आणि सारखे पसरेपर्यंत हेच चालतं. ग्राइंडिंग झटपट होतं, पण त्यासाठी बेड मोठ्या मशीनवर न्यावा लागतो. शिवाय बेड खाली गेला की सॅडलही खाली बसतं आणि लीड स्क्रूची रेघ चुकते. तो हिशोब आधी करावा.

मग लेव्हल. एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखा बेडला पीळ बसला, तर चांगलं लेथही निमुळतं कापतं. चकमध्ये जाड सळई धरायची, टेलस्टॉकचा आधार न देता दोन्ही टोकांना हलका कट मारायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. व्यासात फरक आला, तर पायाखालच्या शिम बदलून पुन्हा कट.

घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरला मिळणारी फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह, लावणं ही सर्वांत उपयोगी सुधारणा. मोटर बहुधा ४१५ व्होल्ट स्टारमध्ये जोडलेली असते. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं मिळाली, तर ती डेल्टात आणून २३० वर चालते. तरीही बॅक गिअर काढून टाकू नये. नुसती फ्रिक्वेन्सी उतरवून वेग कमी केला, तर कापायची ताकद वाढत नाही आणि मोटरचा पंखा मंदावून ती तापते. चक आट्यांवर बसणारा असेल, तर झटक्यात उलटं फिरवणं किंवा ब्रेक मारणं टाळा. चक सुटून अंगावर येऊ शकतो.

लीड स्क्रू इंची असेल आणि मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर १२७ दात्यांचं गिअर शोधा. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, त्यामुळे त्या एका गिअरने पिच तंतोतंत जुळतो. जुन्या मशीनसोबत हे गिअर मिळालं, तर भाव करताना फार ताणू नये.