आधी चौकशी, मग सुई

सकाळी ९
कोल्हापुरात राजारामपुरीतला माझा ॲक्युपंक्चरचा दवाखाना उघडला, की हात धुऊन सुयांची सीलबंद पाकिटं काढते. सुई भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तिच्यातून औषध जात नाही. एकाला वापरलेली दुसऱ्याला कधीच नाही.

९.३०
उद्यमनगरात फौंड्रीत राबणारे काका कंबर धरून येतात. "औषध न्हाई, मग गुण कशाचा यायचा?" प्रश्न रास्त आहे. चिनी परंपरा म्हणते, शरीरात 'ची' ही शक्ती वाहते आणि सुईनं तिचा अडथळा सुटतो. आजचं शास्त्र म्हणतं, सुईनं मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशीत अनेकांना आराम पडतो. पण चाचण्यांमध्ये खोट्या सुयांनीही बऱ्याच जणांना बरं वाटलं, हेही मी काकांना सांगते.

११
शाहूपुरीच्या मावशी. कंबर दुखतेय, पाय जड झालाय आणि कालपासून लघवी कळत नाही. इथं सुईला हातसुद्धा लावायचा नाही. मणक्यातल्या नसा दबल्या असतील, तर तासातासाला नुकसान वाढतं. चिठ्ठी लिहून, मुलाला सोबत देऊन त्यांना लगेच सीपीआर रुग्णालयात पाठवते.

दुपारी १२
गुजरीतला दागिन्यांचा कारागीर. दिवसभर मान खाली, त्यामुळे डोकं ठणकतं. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या 'हेगू' बिंदूवर सुई. वीस मिनिटं शांत पडून राहायचं. गरोदर बाईला हा बिंदू सहसा टोचत नाहीत.

३
शिकाऊ मुलींचा तास; आज या विद्येचा इतिहास. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. केंद्र सरकारनं तिला २०१९ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रात तर तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे.

५
तालमीतला पैलवान, खांदा आखडलेला. त्याला मॉक्साचा शेक देते. जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातल्या वनस्पतीची वाळवलेली पानं पेटवून, कातडीपासून अंतर राखून ऊब द्यायची. खांद्याजवळ सुई खोल नेत नाही, कारण खाली फुफ्फुस आहे.

७.३०
सुया मोजून, सुईनं भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकते. टोचल्या तेवढ्या निघाल्याच पाहिजेत.

सुई घ्यायची असेल, तर उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा. बीपी-शुगरची औषधं स्वतःहून बंद करू नका. आणि न विचारता, न तपासता कुणी टोचायला लागला, तर तिथून उठा.