पगारातले पन्नास रुपये

मुलांनो, तुमचे अब्बा, चाचा किंवा मोठी बहीण नोकरी करीत असतील, तर त्यांची पगाराची चिठ्ठी एकदा मागून पाहा. तिच्यात दोन बाजू असतात. एका बाजूला मिळालेली रक्कम लिहिलेली असते आणि दुसऱ्या बाजूला कापलेली रक्कम. भविष्य निर्वाह निधी, विमा, पतपेढीचा हप्ता अशी नावे तेथे दिसतील. काही ठिकाणी त्यांच्या खाली आणखी एक लहानशी ओळ असते. कर्मचारी आपल्या खुशीने दरमहा थोडी रक्कम एखाद्या सेवाभावी संस्थेला देतो, तिची ती नोंद असते. ही रक्कम पगार हातात पडण्यापूर्वीच वेगळी होते.

परदेशांत ही रीत चांगलीच रुळली आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १८८७ साली अनेक सेवाभावी संस्थांसाठी एकत्र निधी जमवण्यास सुरुवात झाली. पुढे असा निधी कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जमू लागला. ब्रिटनमध्ये १९८७ पासून पगारातून दान देण्याची सोय कायद्यानेच झाली. पण आपल्यालाही ही कल्पना अगदी नवी नाही. अहमदनगर जिल्हा (आता अहिल्यानगर) साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. उसाच्या बिलातून टनामागे थोडी रक्कम लोकोपयोगी कामांसाठी कापून घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

आता तुम्ही विचाराल, दवाखाने सरकारचे असतातच, मग आरोग्याच्या कामाला लोकांचा पैसा कशाला? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण याच जिल्ह्यातील जामखेडला जाऊ.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पती-पत्नी आधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या रुग्णालयात काम करीत होते. तेथे त्यांना एक गोष्ट खटकली. बरे होऊन गेलेले रोगी काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येत. घाण पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान ही आजाराची कारणे गावात तशीच राहत. मग नुसत्या औषधाने काय होणार? १९७० साली त्यांनी दुष्काळी जामखेड भागात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला.

त्यांनी काम सोपवले ते खेड्यातल्या बायकांवर. गावाने आपल्यातील एक बाई निवडायची आणि तिने जामखेडला येऊन शिकायचे. यांतील पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. कित्येक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या चित्रांवरून आणि गाण्यांतून शिकल्या. गावी परतून त्या घरोघर जात, मुलांचे वजन करीत, गरोदर बायकांची चौकशी करीत, बाळंतपणात मदत करीत. जुलाबाने मूल कोमेजले, की काय करायचे हे त्यांनी आयांना शिकवले. एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडेथोडे पाजत राहायचे. (हे प्रमाण तुम्हीही पाठ करा. मीठ मात्र जास्त पडू देऊ नका.)

काम सुरू झाले तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या काळात हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. प्रकल्पाचे काम त्यांच्यानंतरही चालू आहे.

या कामात फार महाग असे काय आहे? काही नाही. पण ते कधी थांबत नाही. औषधांची पेटी पुन्हापुन्हा भरावी लागते, शिकायला येणाऱ्या बायकांच्या एसटीच्या भाड्याची आणि जेवणाची सोय करावी लागते. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सगळीकडून मदतीचा ओघ लागला. जुलाबाने आजारी पडलेल्या एका मुलाची बातमी मात्र वर्तमानपत्रात येत नाही. म्हणून अशा कामाला एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याला येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. एखाद्या कचेरीतील ४० जणांनी दरमहा ५० रुपये दिले, तर महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये जमतात. शिवाय पुढच्या महिन्यातही पैसे येणार, हे संस्थेला आधीच ठाऊक असते.

मराठीत म्हण आहे, 'थेंबे थेंबे तळे साचे.' उर्दूतही 'कतरा कतरा दर्या' म्हणतात. पण नगरच्या शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, बांध नसेल तर थेंब वाहून जातात. या पैशालाही बांध हवा. कर्मचाऱ्यांनी आपल्यातील दोन-तीन जण निवडावेत. त्यांनी संस्थेचे तपासलेले हिशेब मागवावेत, वर्षातून एकदा स्वतः जाऊन काम पाहावे आणि पाहिलेले सर्वांना सांगावे.

आणखी एक गोष्ट. एका कचेरीत मी पाहिले आहे, साहेबांनी वर्गणीची यादी फिरवली. स्वतःच्या नावापुढे त्यांनी मोठा आकडा घातला होता. यादी सर्वांत शेवटी शिपायाकडे आली. त्या महिन्यात त्याला मुलीची फी भरायची होती. नाही म्हणायला तो घाबरला आणि त्याने सही केली. या सहीला दान कसे म्हणायचे? म्हणून प्रत्येकाची लेखी संमती वेगळी घ्यावी, ती बंद पाकिटात घ्यावी आणि कोणी किती दिले हे फळ्यावर लावू नये. ज्याला थांबायचे असेल, त्याला कोणत्याही महिन्यात थांबता यावे. त्याला कोणी कारणही विचारू नये.

देणाऱ्याला पावती मिळाली पाहिजे. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या जुन्या पद्धतीत काही सवलत मिळते, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. तेव्हा अब्बांनी किंवा ताईंनी अशी देणगी दिली असेल, तर ते कोणत्या पद्धतीने कर भरतात हे त्यांना विचारा आणि पावती पगाराच्या चिठ्ठीबरोबरच ठेवायला सांगा.