परत केलेली पाटी

वर्गांतील पाटी कपाटांत परत ठेवणें निराळें आणि ती पुसून ठेवणें निराळें, हें आमच्या लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे. संगणकास मात्र हा भेद मुद्दाम सांगावा लागतो.

पालक बँकेचा व्यवहार संगणकावरून करतात, तेव्हां सर्व मजकूर सांकेतिक लिपींत जातो. हें काम प्रोग्रामर दर वेळीं नव्यानें करीत नाहीं. ओपनएसएसएल नांवाची तयार लायब्ररी तो बहुधा योजतो. जोडणी उभारतांना ही लायब्ररी स्मृतींत जागा मागून घेते आणि तेथें किल्ल्या व मजकूर ठेवते. काम संपल्यावर ‘एसएसएल फ्री’ ही आज्ञा देऊन ती जागा सोडावयाची. आज्ञा विसरली तर जागा अडून राहते, व रात्रंदिवस चालणारा सर्व्हर अखेर गुदमरतो. २०१६ पूर्वीं लायब्ररीची शेवटची झाडलोटही प्रोग्रामरलाच करावी लागे. त्या वर्षींच्या १.१.० आवृत्तीपासून ती बहुतांशीं आपोआप होते.

परंतु सोडलेली जागा कोरी नसते. मालकी सुटते; अक्षरें, वर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, तशींच राहतात.

याची प्रचीति एप्रिल २०१४ मध्यें जगास आली. एका संगणकानें कांहीं शब्द पाठवावेत व दुसऱ्यानें तेच परत पाठवून आपण जागे असल्याचें कळवावें, अशी सोय २०१२ सालच्या १.०.१ आवृत्तींत होती. पाठविणारा शब्दांची लांबीही सांगे. त्यानें एकच अक्षर धाडून ‘हीं चौसष्ट हजार आहेत’ असें म्हटलें, तरी लायब्ररी न मोजतां शेजारच्या स्मृतींतून उरलेलीं भरून देई! शेजारीं वापरांतला व टाकलेला, दोन्ही प्रकारचा मजकूर असे. या दोषास ‘हार्टब्लीड’ म्हणतात. त्यापायीं कॅनडाच्या करखात्यांतून सुमारें ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले. मूळ चूक न मोजण्याची, हें खरें. पण न पुसलेल्या पाट्यांनीं चोराची लूट वाढविली.

पुसण्यांतही एक गंमत आहे. प्रोग्रामरनें जागा सोडण्यापूर्वीं तींत शून्यें भरलीं, तर कंपायलर म्हणतो, ‘हीं शून्यें पुढें कोणी वाचीत नाहीं’, आणि ती आज्ञाच गाळतो. असला अतिशहाणा मदतनीस आम्हांस वर्गांतही भेटतो. म्हणून लायब्ररींत ‘ओपनएसएसएल क्लेन्स’ ही निराळी आज्ञा आहे. ती गाळली जाऊं नये अशीच रचली आहे. जोडणीची गुप्त किल्ली लायब्ररी स्वतः पुसते. प्रोग्रामरनें आपल्या जागेंत ठेवलेला परवलीचा शब्द मात्र त्यानेंच पुसावयाचा, आणि मग जागा सोडावयाची.