पडद्यावरचा पाठ कसा लिहावा?

समजा, वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याजवळच्या एखाद्या शाळेत संगणक आहे, पण तो शिकवणारे कोणी नाही. नववीतील एक मुलगी पडद्यावरचा पाठ पाहून दहा जणांच्या गुणांची सरासरी काढायला बसली आहे. पाठातला आवाज सांगतो, "आता सूत्र लिहा आणि एंटर दाबा." ती तसे करते. पण सरासरी येत नाही. लिहिलेली अक्षरेच चौकटीत तशीच दिसत राहतात. सूत्राच्या आधी 'बरोबर'चे चिन्ह द्यावे लागते, हे सांगायचे राहून गेले. पाठ करणाऱ्याच्या ते इतके अंगवळणी पडलेले असते! मुलीला मात्र वाटते, आपल्यालाच जमत नाही.

वर्गात मुलांचे चेहरे पाहून आपण अशी चूक लगेच सावरतो. पडद्यावरच्या पाठाला चेहरे दिसत नाहीत. म्हणून ही काळजी पाठ तयार करतानाच घ्यावी लागते.

ती कशी घ्यावी, याचे चांगले उदाहरण म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प. त्यातील पाठ साधारण १० मिनिटांचे. प्रत्येकाची संहिता आधी दोन रकान्यांत लिहायची: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्याच वेळी काय बोलले जाईल. एखाद्या कृतीसमोरचा रकाना रिकामा राहिला, की सुटलेली पायरी सापडते. नंतर ही संहिता विषयतज्ज्ञाप्रमाणेच नवख्याकडूनही तपासून घ्यायची. चुकीचे सांगितलेले तज्ज्ञ पकडतो. न सांगितलेले नवख्यालाच अडते.

शिकणाऱ्यानेही नुसते पाहायचे नसते. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर; एक पायरी पाहावी, पाठ थांबवावा, ती करून पाहावी. आपले मन एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी धरून ठेवू शकते. दहा पायऱ्या सलग पाहिल्या, तर करायला बसेपर्यंत पहिल्या विसरलेल्या असतात.

भाषेचे काय? या पाठांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला गेला; पडदा मात्र इंग्रजीच ठेवला. समजावणे आपल्या भाषेत व्हावे, पण पुढे नोकरीत भेटणारे इंग्रजी शब्दही ओळखीचे व्हावेत, हा हेतू. यात एक पथ्य असते: मराठी वाक्य लांबले, तर चित्र पुढे निघून जाते. म्हणून वाक्ये आटोपशीर हवीत.

हे आपल्या शाळेतही करून पाहता येईल. एखादे लहानसे काम निवडा, त्याची दोन रकान्यांची संहिता कागदावर लिहा आणि ते काम कधीच न केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती द्या. मागे उभे राहा, पण बोलू नका. त्याचा हात जिथे थबकेल, तिथे कागदावर खूण करा. दुरुस्ती तिथे करायची आहे. विद्यार्थ्यात नव्हे, पाठात.