वणव्यानंतर वनमृदेतील कवकांचे पुनरागमन

प्रस्तावना :
वणव्याने झालेल्या हानीचे मोजमाप सामान्यतः जळालेल्या क्षेत्रावरून व वृक्षांच्या संख्येवरून केले जाते. मृदेत घडलेली हानी त्यात येत नाही. वास्तविक पाइन, ओक यांसारख्या वृक्षांची बारीक मुळे कवकतंतूंच्या आवरणाने वेढलेली असतात. वृक्ष कवकाला शर्करा पुरवितो, तर कवक त्याला नत्र, स्फुरद व पाणी मिळवून देते. या सहजीवनास बाह्य मायकोरायझा असे म्हणतात. योग्य कवक न मिळाल्यास पाइनचे रोप खुरटते व बहुधा टिकत नाही. म्हणूनच जळिताच्या जागी वन पुन्हा उभे राहील काय, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मातीतच शोधावे लागते.

उष्णता आणि उपासमार :
माती ही उष्णतेची मंदवाहक आहे. शिवाय तिच्यात ओलावा असेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. तथापि बहुतेक कवकतंतू ६० अंशांच्या आसपासच मरतात. त्यामुळे झपाट्याने पुढे सरकणाऱ्या ज्वालांपेक्षा एकाच जागी तासन्‌तास धुमसणारा ओंडका अधिक घातक ठरतो. पालापाचोळ्याचा थर जळाला की त्यातील कवकेही नष्ट होतात. खोलवरची कवके उष्णतेतून वाचली, तरी यजमान वृक्ष मेल्यावर त्यांना शर्करा मिळत नाही. हा दुसरा आघात सावकाश होतो, त्यामुळे तो दुर्लक्षिला जातो.

पॉइंट रेयेस येथील निरीक्षणे :
कॅलिफोर्नियातील पॉइंट रेयेस येथे ऑक्टोबर १९९५ मध्ये लागलेल्या वणव्यात सुमारे १२ हजार एकर क्षेत्र जळाले. तेथील बिशप पाइन वृक्षाचे शंकू राळेने बंद असतात व आगीच्या आचेने उघडतात; परिणामी पावसानंतर रोपे दाट उगवली. वणव्यापूर्वीच टॉम ब्रन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्रौढ वनातील मुळांवरील कवकांचा अभ्यास केलेला होता, ही मोठी सोय ठरली. अन्यथा तुलनेसाठी आधारच मिळाला नसता. प्रौढ वनात रसुला व टोमेंटेला या प्रजातींचे प्राबल्य होते. जळितातील रोपांवर मात्र रायझोपोगॉन, विल्कॉक्सिना यांसारखी पूर्वी क्वचित आढळणारी कवके पुढे आली. विशेष म्हणजे रोपांच्या वाढीच्या पहिल्या ५ महिन्यांतच मुळांवर मायकोरायझा तयार झालेला होता.

हे घडले ते बीजाणूंच्या साठ्यामुळे. रायझोपोगॉनची फळे जमिनीखाली वाढतात; खारी व अन्य लहान प्राणी ती खातात आणि विष्ठेतून बीजाणू पसरवितात. हे बीजाणू मातीत सुप्तावस्थेत राहतात. ब्रन्स यांनी ९९ वर्षे चालावा असा बीजाणू पुरण्याचा प्रयोग आखला. त्याच्या पहिल्या ४ वर्षांत बीजाणूंची मुळांवर वाढण्याची क्षमता कमी न होता उलट वाढल्याचे दिसले! सिएरा नेवाडातील २०१३ च्या रिम वणव्यानंतरही रायझोपोगॉन ऑलिव्हेसिओटिंक्टस ही उष्णतासह जाती वाढल्याचे आढळले.

कालानुक्रम :
पहिल्या काही आठवड्यांत पायरोनेमा हे कवक नारिंगी-गुलाबी सूक्ष्म चकत्यांच्या रूपाने राखेवर पसरते व जळक्या सेंद्रिय द्रव्यावर वाढते. १९०९ मध्येच सीव्हर यांनी त्याचा अभ्यास केला होता. पुढील वसंतात मोरेल, म्हणजे आपल्याकडील गुच्छीचे भाईबंद, उगवतात. ही लगबग पाहून मृदा सावरली असे वाटू शकते. परंतु ही अल्पजीवी कवके प्रौढ वनातील कवकांची जागा भरून काढीत नाहीत. अलास्कातील उत्तरध्रुवीय वनांत बाह्य मायकोरायझा पूर्वपदावर येण्यास १५ वर्षांपर्यंतचा काळ लागल्याचे आढळले. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून (२०१७) मायकोरायझाच्या पुनर्प्राप्तीस सुमारे ११ वर्षे, तर जातिवैविध्यास सुमारे २२ वर्षे लागतात असे दिसून आले. दोन वणव्यांतील अंतर याहून कमी झाल्यास मंदगतीने परतणाऱ्या जातींना संधीच उरणार नाही. खरी चिंता येथेच आहे.

महाराष्ट्रातील सागवानाच्या वनांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे मात्र योग्य नव्हे. सागाच्या मुळांत आंतर मायकोरायझा असतो आणि येथील वणवे बहुतांशी पालापाचोळा जाळीत जमिनीलगत सरकतात. प्रौढ सागवृक्ष अशा आगीतून बहुधा वाचतो व त्याच्या मुळांवरील कवकांना शर्करेचा पुरवठा चालू राहतो.