साधे इंजिन पुरेल का?

कुटुंबासाठी मोठी गाडी घेऊ पाहणारे आमचे व्यापारी व कारागीर बंधू एकच शंका विचारतात : सर्वात स्वस्त इंजिन घाटात धापा टाकणार नाही ना?

ह्युंदाई क्रेटाचे उदाहरण घेऊ. २०२४ साली आलेल्या क्रेटात १.५ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्ती, तर डिझेलची ११६. म्हणजे जवळपास सारखीच! फरक आहे तो ओढीत, म्हणजे टॉर्कमध्ये. पेट्रोलची ओढ सुमारे १४४ न्यूटन मीटर, तीही मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर. डिझेलची २५०, आणि ती १५०० फेऱ्यांपासूनच. म्हणून पाच माणसे, सामान व एसीसह कसारा घाट चढताना पेट्रोल गाडीला खालचा गिअर टाकावा लागतो, आवाज वाढतो. पण गाडी चढते. ओव्हरटेक मात्र जपून करावे.

घर ते दुकान आणि ईदेला गाव, एवढाच वापर असेल तर साधे इंजिन पुरते, असे आमचे मत आहे. आठवड्याला घाट ओलांडणाऱ्यांनी डिझेल पाहावे. केवळ दिखाव्याच्या ताकदीसाठी धंद्याचे भांडवल अडकवू नये, की व्याजाचे कर्ज अंगावर घेऊ नये. सौद्यापूर्वी घरची सारी माणसे बसवून गाडी चढावर चालवून पाहावी.